केल्डाल साहेबांचा फ्लास्क

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी मराठी, शाळेत इंग्लिश आणि परीक्षेत दोन्हीची खिचडी. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे घसरलं असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. दुसरी कबुली अशी की ज्या माणसाबद्दल मी लिहितेय त्याचं नाव मी वर्षभर चुकीचं घेत होते. आमच्या बॅचमध्ये त्याचे निदान पाच उच्चार प्रचलित आहेत. कोणी केजेल्डाल म्हणतं, कोणी जेल्डहाल. हॉस्टेलवर तर सरळ ‘काजळ-डाळ’ म्हणतात. डाळीतलं प्रोटीन मोजायच्या पद्धतीला हे नाव तसं शोभूनही दिसतं! डॅनिश लोक मात्र साधारण केल्डाल असं म्हणतात, त्यातला ‘ज’ खाऊन टाकतात. तर या लेखापुरतं आपण केल्डालच म्हणू.

तर झालं असं. आमच्या फूड ॲनालिसिसच्या प्रॅक्टिकलला आम्हाला स्किम्ड मिल्क पावडरमधलं प्रोटीन काढायचं होतं. अर्धा ग्रॅम पावडर, कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड, फ्यूम हूडमध्ये दोन-अडीच तास उकळणं, मग डिस्टिलेशन, मग टायट्रेशन. सकाळी दहाला सुरू केलेलं काम साडेतीनला संपलं. ब्लँक वजा जाता ब्युरेटचं रीडिंग आलं १७.६ मिली. गणित केलं तर प्रोटीन ३१.४ टक्के. आता अशा पावडरमध्ये साधारण ३५ टक्के यायला हवं हे पुस्तकात आहे, सीनियर्सच्या जर्नलमध्ये आहे आणि लॅबमधल्या मामांनाही तोंडपाठ आहे. मग ग्रुपने काय केलं असेल ते प्रत्येक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला सांगायची गरज नाही. १७.६ चं १९.६ झालं. एका आकड्याला फक्त वर एक गोल लागतो, बाकी काही नाही.

सरांनी जर्नल पाहिलं, काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं की रिकव्हरी काढली का? आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. मग म्हणाले, आधी जा आणि ही पद्धत कोणी, कुठे आणि कशासाठी काढली ते वाचून या, मग बोलू. म्हणून हा लेख. शिक्षा म्हणून सुरू केलेलं वाचन होतं, पण नंतर मला त्या माणसाचा लळाच लागला.

योहान केल्डाल यांचा जन्म १६ ऑगस्ट १८४९ रोजी डेन्मार्कमधल्या येगर्सप्रिस या गावी झाला. वडील डॉक्टर. शाळा रॉस्किल्डला, आणि पुढचं शिक्षण कोपनहेगनच्या पॉलिटेक्निकमध्ये. म्हणजे तसा आपल्यातलाच माणूस! १८७३ मध्ये पदवी मिळाली. मग शेतकी आणि पशुवैद्यकीय कॉलेजात प्राध्यापक बार्फोड यांच्या हाताखाली असिस्टंटची नोकरी. बार्फोड हे नाव ओळखीचं वाटतंय ना? बारावीच्या बायोकेमिस्ट्रीत शुगर ओळखायची जी बार्फोड टेस्ट होती, तेच हे. गुरू असे भेटले की त्यांनी हा मुलगा शांत आहे, पण हात अगदी नेमका आहे हे ओळखलं आणि त्याची शिफारस केली. शिफारस कोणाकडे? एका बिअरच्या कारखानदाराकडे.

हे कारखानदार म्हणजे जे. सी. याकोबसेन. १८४७ साली त्यांनी कोपनहेगनबाहेरच्या टेकडीवर ब्रुअरी काढली आणि आपल्या लहान मुलाचं, कार्लचं नाव तिला दिलं. बर्ग म्हणजे टेकडी, म्हणून कार्ल्सबर्ग. याकोबसेन स्वतः फार शिकलेले नव्हते पण त्यांना विज्ञानाचं प्रचंड वेड. त्या काळात बिअर बनवणं म्हणजे आपल्याकडे लोणचं घालण्यासारखं होतं. आजीच्या हाताला यश असेल तर चांगलं होतं, नाही तर बुरशी येते, आणि का आली हे कोणालाच सांगता येत नाही. याकोबसेनना हे मान्य नव्हतं. त्यांनी १८७५ मध्ये कार्ल्सबर्ग लॅबोरेटरी सुरू केली आणि तिच्या नियमांतच लिहून ठेवलं की इथे लागलेला कुठलाही महत्त्वाचा शोध गुप्त ठेवायचा नाही, तो जगासमोर मांडायचा. एका कंपनीच्या मालकाने स्वतःच्या पैशाने लॅब काढायची आणि वर शोध स्पर्धकांनाही मोकळा ठेवायचा! मला तर हे वाचून दोनदा खात्री करून घ्यावी लागली. केल्डाल १८७६ मध्ये तिथल्या केमिस्ट्री विभागाचे प्रमुख झाले. वय वर्षं सत्तावीस. आपण त्या वयात पॅकेजच्या मागे असू.

पहिली काही वर्षं त्यांनी माल्टमधल्या एन्झाइम्सवर काम केलं, म्हणजे स्टार्चपासून साखर करणाऱ्या. टेंपरेचर वाढवत गेलं की ती कशी आधी जोरात चालतात आणि मग कशी बंद पडतात वगैरे. ते काम चांगलं होतं, पण आपण त्याच्यावर न थांबता मुख्य गोष्टीकडे येऊ.

बिअर बनते बार्लीपासून. बार्लीत प्रोटीन जास्त असेल तर बिअर गढूळ होते आणि स्टार्च तेवढा कमी मिळतो. खूपच कमी असेल तर यीस्टला खायला काही नाही. म्हणजे बार्लीचं पोतं विकत घेण्याआधी आणि नंतरही, भिजवताना, मोड आणताना, आंबवताना, प्रत्येक पायरीवर प्रोटीन किती हे कळायला हवं. प्रोटीन थेट मोजायची सोय नव्हती. पण प्रोटीनमध्ये नायट्रोजन असतो आणि स्टार्च, साखर, तेल यांच्यात नसतो. म्हणून नायट्रोजन मोजायचा आणि त्यावरून प्रोटीनचा अंदाज करायचा, ही कल्पना आधीपासून होती.

अडचण मोजण्याची होती. ड्यूमा नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची पद्धत १८३१ पासून होती. पदार्थ नळीत जाळायचा आणि सुटलेला नायट्रोजन वायू गोळा करून त्याचं आकारमान मोजायचं. पद्धत बरोबर, पण करणारा अर्धमेला व्हायचा. दुसरी पद्धत विल आणि व्हारेनट्राप यांची, १८४१ ची. त्यात पदार्थ सोडा-लाइमबरोबर तापवून अमोनिया काढायचा. तीही भट्टी आणि नळीचीच, आणि प्रत्येक पदार्थाला ती सारखी लागू पडेल याचा भरवसा नाही. शिवाय दोन्हींत सँपल कोरडं आणि बारीक लागायचं. आता बिअर आणि तिचा काढा हे तर पाणीच! आधी आटवत बसा, मग खरवडा, मग जाळा. रोज डझनावारी सँपल तपासायची असतील तर हे चालणारच नाही.

केल्डाल यांनी भट्टी आणि नळी सोडून दिली आणि सगळं काम एका काचेच्या चंबूत आणलं. सँपल ओलं असो की सुकं, चंबूत टाका. कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड घाला आणि उकळा. ॲसिड ते अक्षरशः खाऊन टाकतं. कार्बन आणि हायड्रोजन वायू आणि वाफ होऊन निघून जातात, आणि नायट्रोजन मागे राहतो, अमोनियम सल्फेटच्या रूपात, ॲसिडमध्ये बंदिस्त. शेवटी राहिलंसाहिलं पूर्ण ऑक्सिडाइज व्हावं म्हणून ते चिमूट-चिमूट पोटॅशियम परमँगनेट टाकत. मग थंड करून पाणी घालायचं, कॉस्टिक सोडा घालून अमोनिया मोकळा करायचा, तो डिस्टिल करून मोजून घेतलेल्या ॲसिडमध्ये पकडायचा आणि किती ॲसिड खर्च झालं ते टायट्रेशनने काढायचं. बस. एका वेळी चार-सहा चंबू ओळीने लावता येतात, आणि एक उकळत असताना दुसऱ्याचं टायट्रेशन करता येतं.

त्यांनी आपली पद्धत खरी आहे हे कसं ठरवलं, हा माझ्या मते खरा मुद्दा आहे. ज्या शुद्ध पदार्थांत नायट्रोजन किती आहे हे त्यांच्या फॉर्म्युलावरूनच ठाऊक आहे, असे पदार्थ त्यांनी आपल्या चंबूत घातले आणि उत्तर जुळतं का ते पाहिलं. म्हणजे आधी ओळखीच्या माणसांवर प्रयोग, मग अनोळखी बार्लीवर. आमच्या सरांनी विचारलेली रिकव्हरी ती हीच.

७ मार्च १८८३ रोजी कोपनहेगनच्या केमिकल सोसायटीत त्यांनी ही पद्धत मांडली आणि त्याच वर्षी ती एका जर्मन जर्नलमध्ये छापून आली. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. जर्मनमध्ये छापल्यामुळे ती बघता बघता सगळीकडे पोहोचली. लोकांनी लगेच सुधारणाही केल्या. १८८५ मध्ये विल्फार्ट यांनी दाखवलं की पारा किंवा तांब्याची संयुगं घातली की पचन लवकर होतं. १८८९ मध्ये गनिंग यांनी पोटॅशियम सल्फेट घालून ॲसिडचा बॉइलिंग पॉइंट वर नेला. १९१३ मध्ये विंक्लर यांनी अमोनिया पकडायला बोरिक ॲसिड आणलं, जे आपण आजही वापरतो आणि ज्याचा रंग गुलाबीवरून हिरवा झाला की लॅबमध्ये उगाचच आनंद होतो. पारा मात्र विषारी म्हणून आता बहुतेक ठिकाणी गेला, कॉपर सल्फेट राहिलं. जर्मन भाषेत तर केल्डाल यांच्या नावाचं क्रियापद झालं. आपणही सँपल केल्डालला लावलं असं म्हणतोच की. ड्यूमा यांची पद्धतही मेली नाही बरं का, आता ती ऑटोमॅटिक मशीनच्या रूपात परत आलीय आणि पाच मिनिटांत उत्तर देते.

बिअरच्या कारखान्यातून ही पद्धत शेतात गेली. अमेरिकेत तेव्हा एकाच खताच्या पोत्याचं सँपल दोन लॅबमध्ये दिलं तर दोन आकडे यायचे आणि शेतकरी, कंपनी, सरकार सगळे भांडत बसायचे. यावर उपाय म्हणून १८८४ मध्ये शेतकी केमिस्ट लोकांची संघटना निघाली, जिला आज आपण एओएसी म्हणून ओळखतो. सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायचं, हा तिचा उद्देश. तिच्या अधिकृत पद्धतींच्या पुस्तकात केल्डालची पद्धत आजही आहे.

इथपर्यंतची गोष्ट सुखाची आहे. पण केल्डाल यांच्या पद्धतीत एक फट आहे, आणि ती त्यांनी लपवलेली नव्हती. ही पद्धत प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते. प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो म्हणून आलेल्या आकड्याला आपण ६.२५ ने गुणतो. दुधासाठी ६.३८, गव्हासाठी ५.७०. या गुणाकारानंतर जे येतं त्याला आपण प्रोटीन म्हणतो, पण चंबूला प्रोटीन म्हणजे काय हे माहीतच नसतं. त्याला फक्त नायट्रोजन कळतो. तो दुधातला आहे की आणखी कशातला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

युरियात ४६ टक्क्यांहून जास्त नायट्रोजन असतो. आपल्याकडे दुधात युरिया घालतात हे सगळ्यांनी ऐकलंय. माझं आजोळ गावाकडचं, तिथे डेअरीवर दूध घातलं की फॅट किती आणि डिग्री किती लागली यावर भाव ठरतो. पाणी घातलं की डिग्री उतरते, मग ती चढवायला काय काय घालतात त्याची यादी मामा सांगतो तेव्हा चहा खाली ठेवावासा वाटतो. युरिया त्या यादीत असतोच. निदान युरिया पकडायला सोपी टेस्ट आहे, एक रीएजंट घातलं की दूध गर्द पिवळं होतं.

पण मेलामाइन? आपल्या घरी मेलामाइनच्या प्लेट्स असतात, त्या बनवायचा कच्चा माल. त्यात तब्बल ६६.६ टक्के नायट्रोजन. हिशोब करा, ६.३८ ने गुणलं तर एक ग्रॅम मेलामाइन चंबूला सव्वाचार ग्रॅम प्रोटीन म्हणून दिसतं. २००७ मध्ये चीनमधून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये ते सापडलं, पाळीव कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात ते गेलं आणि जनावरं किडनी निकामी होऊन मेली. तरी जग सावध झालं नाही. २००८ मध्ये चीनमध्येच बाळांच्या दूध पावडरमध्ये ते निघालं. दुधात आधी पाणी घालायचं, आणि मग पातळ झालेलं प्रोटीन टेस्टमध्ये पुन्हा वर दिसावं म्हणून मेलामाइन घालायचं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, पन्नास हजारांहून जास्त हॉस्पिटलमध्ये दाखल झाली, आणि सरकारी आकड्यानुसार सहा दगावली. किडनीत खडे झाले होते. बाळांच्या किडनीत! त्याच सप्टेंबरमध्ये भारताने चीनमधून दूध आणि दुधाच्या पदार्थांची आयात बंद केली. चीनमध्ये खटले चालले आणि २००९ मध्ये दोघांना मृत्युदंड दिला गेला.

या प्रकरणात केल्डालची पद्धत खोटी बोलली, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. चंबूने नायट्रोजन विचारल्यावर नायट्रोजनच सांगितला. प्रोटीन हा शब्द रिपोर्टवर आपण लिहिला. खरं तर यावर साधा उपाय केमिस्ट लोकांना ठाऊक होता. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड घातलं की खरं प्रोटीन साका होऊन खाली बसतं आणि युरिया, मेलामाइनसारख्या गोष्टी पाण्यात विरघळलेल्या राहतात. गाळून फक्त साका केल्डालला लावला तर लबाडी तिथेच उघडी पडते. एक पायरी जास्त, अर्धा-पाऊण तास जास्त, एवढंच. ती रोजच्या टेस्टमध्ये नव्हती, कारण कोणाला गरज वाटली नाही. २०१० मध्ये कोडेक्सने बाळांच्या पावडरमध्ये किलोला १ मिलिग्रॅम आणि इतर खाद्यपदार्थांत २.५ मिलिग्रॅम अशी मेलामाइनची मर्यादा ठरवली, आणि ते मोजायला आता मास स्पेक्ट्रोमीटर लागतो.

पण मशीन कितीही महाग असलं तरी प्रश्न १८८३ चाच राहतो, की त्याचं उत्तर बरोबर कशावरून? त्यासाठी रेफरन्स मटेरियल असतं. म्हणजे असा पदार्थ, जो चमचाभर कुठूनही घेतला तरी सारखाच असतो, ठेवला तर बदलत नाही, आणि ज्याच्या सर्टिफिकेटवर आकडा आणि त्या आकड्यात किती कमी-जास्त होऊ शकतं हेही छापलेलं असतं. तुम्ही तो आपल्या सँपलसारखाच तपासायचा. उत्तर सर्टिफिकेटशी जुळलं तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास. अमेरिकेची एनआयएसटी ही संस्था असे पदार्थ विकते, त्यात बाळांच्या दूध पावडरसारखा एक पोषक फॉर्म्युलाही आहे, व्हिटॅमिन्स आणि खनिजं वगैरे तपासायला. त्याचा नंबर आहे १८४९. केल्डाल यांचं जन्मवर्ष! मी तरी हा योगायोगच मानते, पण वाचल्यावर अंगावर काटा आला हे खरं. आपल्याकडे दिल्लीची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी भारतीय निर्देशक द्रव्य या नावाने असे पदार्थ प्रमाणित करते. कॉलेजच्या लॅबला हे डबे परवडत नाहीत, म्हणून आपण शुद्ध अमोनियम सल्फेट किंवा ग्लायसीनवर भागवतो.

केल्डाल स्वतः मात्र त्याच लॅबमध्ये त्याच विभागाचे प्रमुख राहिले. शेजारच्या विभागात एमिल ख्रिश्चन हान्सेन शुद्ध यीस्ट वाढवत होते आणि त्यांचंही नाव गाजत होतं. याकोबसेन १८८७ मध्ये रोममध्ये वारले. केल्डाल यांना डॅनिश अकॅडमीचं सदस्यत्व मिळालं, मान मिळाला, पण ब्रुअरी सोडून ते कुठे गेले नाहीत. १८ जुलै १९०० रोजी टिस्विल्डे इथे समुद्रात पोहायला गेले असताना त्यांचा मृत्यू झाला. पन्नास वर्षंही पुरी व्हायला अजून एक महिना... नाही, चुकले, एक्कावन्न व्हायला एक महिना होता. (बघा, वजाबाकीतही माझी अशी रिकव्हरी!) त्यांच्या जागी १९०१ मध्ये सोरेनसेन आले, ज्यांनी पुढे १९०९ मध्ये पीएच स्केल काढला. एकाच खुर्चीवर लागोपाठ बसलेली ही दोन माणसं, आणि आपल्या लॅबचं अर्धं टेबल त्यांचंच.

हे सगळं वाचून मी सरांकडे गेले. त्यांनी अमोनियम सल्फेटची बाटली हातात दिली. ०.१ ग्रॅम, डायजेशनशिवाय थेट डिस्टिलेशनला. हिशोबाने १५.१ मिली यायला हवं होतं. आलं १३.६. म्हणजे ९० टक्के. १७.६ ला १९.६ ने भागा, तेही ९० टक्केच! आमची पावडर चांगली होती, डायजेशन चांगलं होतं, अमोनियाच दहा टक्के हवेत जात होता. मामांनी कंडेन्सरचा जॉइंट हाताने हलवून दाखवला, सैल होता. तो कितीतरी बॅचेस सैल असणार, कारण सीनियर्सच्या प्रत्येक जर्नलमध्ये १९.६ च्या आसपासच आकडे आहेत आणि मशीन तर तेच.

जॉइंटला ग्रीस लावून क्लिप बसवली. दुसऱ्यांदा अमोनियम सल्फेट १५.० आलं. मग डायजेशन तपासायला ग्लायसीन लावलं, तेही जुळलं. मग पुन्हा मिल्क पावडर, पुन्हा अडीच तास, कँटीन बंद झालेली. यावेळी १९.३ मिली, प्रोटीन साडेचौतीसच्या जवळ. जर्नलमध्ये मी जुना आकडा खोडला, खोडलेला दिसेल असा एका रेघेने, शेजारी १७.६ लिहिलं आणि खाली नवीन टेबल काढलं. ग्रुपमधल्या दोघींनी आधी खूप कुरकुर केली, मग त्यांनीही लिहिलं. सरांनी सही केली आणि मार्क दिले दहापैकी सात. तीन कशाचे कापले हे विचारायची हिंमत अजून झालेली नाही.